पायाला कळणारी फरशी

अगं, हे वाचायला जरा निवांत बस आणि तो मोबाइल पालथा घाल. माझ्या सख्ख्या बहिणीची लेक तू. लहानपणी सुट्टी लागली की माझ्याकडंच मुक्काम ठोकायचीस, आणि आता आम्ही नवं घर घेऊन वर्ष व्हायला आलं तरी तुझा पाय इकडं वळला नाही. नुसते फोटो मागवतेस. मावशी, पुढच्या खोलीचा पाठव, मावशी, स्वयंपाकघराचा पाठव. फोटोत घर कळतं व्हय? आणि ते बघून वर विचारतेस, एवढं सगळं केलंत, मग ती जुनी खरखरीत फरशी का ठेवलीत? विचारलंस ते बरं केलंस. फोनवर सांगण्यासारखं नाही ते, म्हणून लिहूनच काढते. मला लिहायला कुणी शिकवलेलं नाही, बोलते तसंच लिहिते, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

कळंब्याकडचा आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुला आठवत असेल. तिथं काही वाईट नव्हतं. पण तिथल्या शेवटच्या वर्षभरात तुझ्या काकांनी एकच धोशा लावला होता, की जिना नको, खाली जाऊया. मला वाटलं, गुडघे. मी तेल लावून दिलं, पट्टा आणून दिला. तो पट्टा त्यांनी एकदाही बांधला नाही.

घरं बघायला लागलो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर गावाबाहेरचं नवं रो-हाउस होतं. चकचकीत फरशी, भिंतीत लपलेले दिवे, ओटा असा की त्यात तोंड दिसावं. का विचारशील, तर माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं. दर आठवड्याला शेणानं सारवायची जमीन, आणि ते काम थोरली म्हणून माझ्याकडं. लग्न होऊन आले तर इथं शहाबादी, सांध्यासांध्यात माती. फ्लॅटात आलो तेव्हा जी फरशी होती ती बिल्डरनं दिलेली, डागाळलेली. म्हणजे आयुष्यभर मी खाली वाकून जमिनीच पुसल्या, पण आपल्या आवडीची एक फरशी म्हणून कधी मिळाली नाही. तेव्हा मला हौस होती, हे आधी कबूल करते.

आणि यांनी पसंत केलं काय, तर मंगळवार पेठेतल्या एका गल्लीतलं साठेक वर्षांचं घर. वाडाबिडा काही नाही हं. एका शाळामास्तरांनी पगारातनं बांधलेलं, चार खोल्यांचं, बेताचं. पुढं दगडी जोतं, दोन पायऱ्या, पहिल्या खोलीत शहाबादी, मधल्या खोलीत लाल कोबा, म्हणजे सिमेंटात लाल रंग कालवून घोटलेली जमीन, आणि स्वयंपाकघरात बारक्या ठिपक्यांच्या चौकोनी फरश्या. मागं कौलं. भिंतीला ओल, न्हाणीघर अंगणात, आणि वायरी अशा लोंबत होत्या की बघूनच हात आखडावा.

बघायला गेलो त्या दिवशी यांनी काय केलं, तर उंबऱ्यात चपला काढल्या आणि अनवाणी चारही खोल्यांतनं फिरून आले. एकदा न्हाई, दोनदा. मग खिडकीच्या सागवानी चौकटीवरनं अंगठा फिरवला. तुला माहीत आहे, त्यांनी चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर काम केलं. जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, मशीनवरनं उतरला की आधी अंगठा, मग माप, अशी त्यांची सवय. अंगठ्याला जे कळतं ते मापाला उशिरा कळतं म्हणायचे.

मला म्हणाले, "हेच घ्यायचं."

मी म्हटलं, "कौलातनं आभाळ दिसतंय."

"आभाळ बुजवता येतंय."

झालं. घेतलं.

काम सुरू झालं तेव्हा पुण्याहून लेक आणि सून दर रविवारी मोबाइलवर चित्रं पाठवायचे. सुनेची एक मैत्रीण इथंच इंटिरिअरचं काम करते. गोड मुलगी, मावशी मावशी म्हणत यायची. तिनं दाखवलेल्या चित्रांत सगळं पांढरं आणि राखाडी. भिंत पांढरी, छत पांढरं, खाली पांढरी गुळगुळीत फरशी, मधी काचेचा टीपॉय. हे म्हणाले, दवाखाना वाटतोय. मी म्हटलं, स्वच्छ वाटतंय. तिथनं जे आमचं जुंपलं ते महिनाभर.

त्यांचं म्हणणं, छप्पर दुरुस्त करा, वायरिंग नवं घाला, ओल काढा, न्हाणीघर आत घ्या, पण खालच्या जमिनीला हात लावू नका. कारण विचारलं की गप्प. गवंडीमामा आमच्यापेक्षा वयानं मोठे, तेही त्यांच्या बाजूचे. मला म्हणायचे, वहिनी, ही शहाबादी तुमच्या नातवंडांना पुरंल. मी म्हणायची, नातवंडं पुण्यात टाइलवर रांगतात, त्यांना काय करायची आहे शहाबादी?

शेवटी तह झाला. पुढची खोली माझी, बाकीचं घर त्यांचं. पुढच्या खोलीतली शहाबादी निघाली आणि मला हवी तशी पांढरी फरशी बसली. ती बसली त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलेनात. चार दिवस. चहा झाला की मी म्हणायची, मामा, त्यांना सांगा चहा झालाय. ते तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. गवंडीमामा बिचारे एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा त्यांच्याकडं.

आणखी एक गोष्ट मी त्या चार दिवसांत बघितली, पण उलटी वाचली. हे पुढच्या खोलीतनं जातच नव्हते. मागच्या दारानं बोळातनं वळसा घालून ये-जा चालायची. मला वाटलं, माझ्या फरशीवर पाय ठेवायचा नाही अशी शपथच घेतली असेल. कोल्हापूरचा माणूस, एकदा अडला की अडला. मीही म्हटलं, बघूया किती दिवस अडतात.

रविवारी लेक-सून आले. खोली बघून सून खूश, लेक खूश, मी तर काय बोलूच नको. मटण केलं होतं, तांबडा-पांढरा रस्सा केला होता. म्हटलं जेवण नव्या खोलीतच करू. लेकानं हाक मारली, आप्पा, या की. हे मधल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे. मग एक पाय पुढं घेऊन अंगठ्यानं फरशी चाचपली, जसा माणूस नदीत उतरताना अंदाज घेतो, आणि भिंतीच्या कडंकडंनं येऊन सोफ्यावर बसले. मी बघितलं आणि मनात म्हटलं, काय नाटकी माणूस आहे.

सुनेनं तांबड्याची वाटी हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला, लेकाशी बोलता बोलता वाटी टीपॉयवर ठेवली. म्हणजे त्यांनी ठेवली, पण टीपॉय होता वीतभर पलीकडं. वाटी हवेत सोडली त्यांनी. पांढऱ्याशुभ्र फरशीवर तांबडा रस्सा सोफ्याखालपर्यंत गेला.

लेक हसला. आप्पा, टीपॉय इकडं हाय. आणि मी, अगं मी काय बोलले ते आजही लिहिताना हात थांबतो. चार दिवसांचा राग साठलेला. सुनेसमोर, लेकासमोर म्हणाले, "मुद्दाम केलंसा न्हवं? माझी एक हौस बघवली न्हाई तुम्हाला."

ते नुसते पुढं वाकले आणि उजवा हात खाली घेऊन टीपॉय शोधायला लागले. काचेची कड हाताला लागली, तशी त्या कडेवरनं त्यांनी अंगठा फिरवला. सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. तो अंगठा मी चाळीस वर्षं बघत आले. जे डोळ्याला कळत नाही तिथंच तो फिरतो. माझ्या हातातला फडका तसाच राहिला.

मी जवळ बसले आणि हळू आवाजात विचारलं, अहो, तुम्हाला हे दिसत न्हाई का?

ते म्हणाले, "समोरचं दिसतंय. पेपर वाचतोय, तुझं तोंड दिसतंय. बाजूचं दिसत न्हाय. खालचं तर न्हायच. ह्या खोलीत पांढऱ्यावर पांढरं, पाय कुठं टाकायचा तेच कळत न्हाय."

कधीपासून, तर दीड वर्षापासून. फ्लॅटाचा जिना म्हणून नको झाला होता त्यांना. आणि हे घर का घेतलं, तर पाय ठेवला की शहाबादी खरखरीत लागते म्हणजे पुढची खोली, गार गुळगुळीत लागलं म्हणजे कोबा आला, मधली खोली, ठिपक्यांची फरशी लागली म्हणजे स्वयंपाकघर, पुढं दोन पावलांवर चूल. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन फेऱ्या मारून घर पायांनी पाठ करून घेतलं होतं. आणि मी त्यातली एक खोली पुसून टाकली होती.

लेकानं विचारलं, आप्पा, सांगितलं का न्हाई? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू पुण्याला न्हेऊन अकराव्या मजल्यावर बसवला असतास मला. एका खुर्चीत. जेवायला हाक मारली की उठायचं. मला माझ्या पायानं फिरायचंय." आणि खरंच तसं केलं असतं लेकानं, प्रेमानंच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. काचबिंदू निघाला. म्हणजे डोळ्यातला दाब वाढतो आणि कडेकडेनं नजर कमी होत जाते, माणसाला पत्ता लागू देत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते औषधानं राखता येईल. किती राखलं जातंय ते सहा महिन्यांनी तपासून कळेल. ते सहा महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, आणि घालताना त्या डोळ्यांत बघायचं. एवढी वर्षं संसार केला, पण इतकं जवळनं कधी बघितलं नव्हतं.

फरशीचं म्हणशील तर मी स्वतः गवंडीमामांना म्हटलं, पांढरी काढा. मामांनी जुनी शहाबादी फोडली नव्हतीच, घरामागच्या परड्यात भिंतीला लावून ठेवली होती. त्यांना विचारलं, कुणी सांगितलं होतं ठेवायला, तर म्हणाले, सांगायला कशाला पाहिजे, चांगल्या दगडाला कोण फोडतंय. सांधे तेवढे नीट भरून घेतले, आता माती अडकत नाही. म्हणजे माझीही एक तक्रार गेली.

त्या इंटिरिअरवाल्या मुलीला मी घाबरत घाबरत फोन केला, राग येईल म्हणून. ती दुसऱ्याच दिवशी आली, खाली बसली आणि काकांना विचारून विचारून वहीत लिहून घेतलं, कुठं अडखळता, कुठं हात लागतो. पायऱ्यांच्या कडांना तिनं काळी पट्टी बसवली. भिंतीत लपलेले दिवे मला छताला हवे होते, ते तिनं खाली, पावलाच्या उंचीला लावले. भिंत जरा गडद पिवळी केली म्हणजे दार उठून दिसतं. स्वयंपाकघराचा ओटाही तिचाच, आणि फार सोयीचा आहे, खोटं कशाला बोलू. नवीन ते सगळं वाईट असं मी म्हणत नाही. कुणाच्या पायासाठी चाललंय एवढं आधी विचारावं, इतकंच. मी चित्रातल्या घराला विचारत बसले होते.

गेल्या महिन्यात सहा महिने झाले. ती तपासणी अशी असते, की अंधाऱ्या डब्यात बघायचं, बारका ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसून आतल्या बटणाचा आवाज मोजत होते, आणि मध्येच आवाज थांबला की मी बाकावरनं उठायची. मग डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी ठेवले, आधीचा आणि आताचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजी, काही पुढं गेलेलं नाही. होतं तिथंच थांबलंय."

मी तिथंच रडले. हे म्हणाले, आता रडायला काय झालं, बाईंनी चांगलं सांगितलं की. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला तो मंगळवार पेठ येईपर्यंत सोडला नाही. रिक्षावाला आरशातनं बघत होता. बघू दे म्हटलं.

आता त्यांचं सगळं रांगेला लागलंय. संध्याकाळी काठी घेऊन एकटे गंगावेशीला जातात, तिथल्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतात, पेलाभर दूध तिथंच पितात, ओळखीच्यांशी भांडतात आणि वेळेवर परत येतात. मी दारात थांबत नाही. आधी थांबायची, त्यांना आवडायचं नाही. आता आत बसून माझं माझं काम करते, आणि शहाबादीवर त्यांचं पाऊल वाजलं की चहाचं आधण ठेवते. एवढा जीव हलका कितीतरी दिवसांत झाला नव्हता बघ.

तेव्हा ये आता. काका तुझी वाट बघतायत, घर तेच दाखवणार आहेत, मला बोलू देणार नाहीत असं आधीच बजावलंय. दसऱ्याच्या आत ये, दोन दिवस राहायच्या तयारीनंच ये, आणि निघालीस की फोन कर.