रंध्याचा घास

जुन्नरच्या पेठेतले एक सुतार मिस्त्री लाकडाचं माप सांगताना त्यात नेहमी थोडी भर घालतात. "तासताना रंधा बी लाकूड खातो, भाऊ. त्याचा घास नको धरायला?"

आमच्या दारासाठी त्यांनी सांगितलेलं सागवान मला जास्त वाटलं. उरलेलं ते घरी नेतील, असा मला संशय आला. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने कमी घनफूट दाखवले. मी तेवढंच लाकूड आणलं. फळ्या रंधून जोडल्यावर दार चौकटीला दोन बोटं अपुरं पडलं.

"एवढे जुने मिस्त्री तुम्ही, आणि माप चुकलं?" बायको त्यांच्यावर चिडली.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकलं खरं, वहिनी."

मी गप्प राहिलो. पुढच्या आठवड्यात शेजारणीने त्यांना दिलेलं कपाटाचं काम काढून घेतलं, तेव्हाही.