भामाच्या विटेला पाणी

मला लिहायची सवय नाही. साइटवर उभं राहण्यात आयुष्य गेलं. पण भामाबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून आठवतं तसं मांडतो.

भामा पनवेलला गाढी नदीच्या काठावरच्या कातकरी वस्तीत राहायची. हे लोक मूळचे कर्नाळ्याच्या पायथ्याचे. दिवाळी झाली की वस्तीत मुकादमाचा ट्रक यायचा. भांडी, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, पोरं असं सगळं त्यात चढायचं, झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लागायची आणि वस्ती वीटभट्टीवर जायची. परत यायची ती पाऊस तोंडावर आल्यावर. भट्टीवर एकट्या माणसाला घेत नाहीत, जोडी लागते. नवरा चिखल मळून साच्यातून विटा पाडतो, बायको चिखल वाहते आणि सुकलेल्या विटा डोक्यावरून भट्टीपाशी नेते. एक नसेल तर दुसऱ्याला काम नाही. भामा आणि तिचा नवरा काळू अशी एक जोडी होती. लग्नाआधी भामा आईबापांबरोबर भट्टीवर जायची, लग्नानंतर काळूबरोबर.

एक्याण्णव साली पालिकेने गरीब वस्त्यांसाठी कामाचे वर्ग काढले. शिवण, वायरिंग आणि गवंडीकाम. नवीन पनवेलात सेक्टर उभे राहत होते, गवंडी बाहेरून आणावे लागत होते. डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या इथल्याच बायकांना थापी धरायला का शिकवू नये, असं कोणाच्या तरी मनात आलं. मी नुकताच मेस्त्री म्हणून निवृत्त झालो होतो, मला शिकवायला बोलावलं. जागा म्हणजे जुन्या जकात नाक्याची पत्र्याची शेड.

पहिल्या दिवशी समोर बायका बसलेल्या पाहून माझी बोबडी वळली. मी भिंतीकडे तोंड करूनच बोलत राहिलो. शोभा नावाची एक भाजी विकणारी बाई होती, ती म्हणाली, "मास्तर, त्या भिंतीला सगळं येतंय. आम्हाला शिकवा."

सगळ्या हसल्या, मीही वळलो. हसली नाही ती एकटी भामा. ती दाराकडे बघत होती. बाहेर हायवेच्या बाजूला ट्रकचा हॉर्न वाजला होता.

तिचं सगळं तसंच होतं. एका जागी बसायची नाही. थर लावता लावता उठायची, दारापर्यंत जाऊन यायची. गणपती नुकतेच गेले होते, ट्रक यायला वेळ होता, तरी हॉर्न वाजला की हातातली थापी थांबायची. एकदा मी विचारलं, "भामा, कोणाची वाट बघतेस?"

"वाट नाय बघत, मास्तर. त्यो येऊ नये म्हनून बघतंय."

हळूहळू कळलं. तिची मुलगी चिंगी शाळेत जात होती, पण दर दिवाळीनंतर भट्टीवर नेलेली, त्यामुळे तिसऱ्या वर्षीही पहिलीतच होती. "पोरगी अर्ध्या बाराखडीवरनंच माघारी येतंय," भामा म्हणायची. वर्गाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत पास होणाऱ्या बाईला पालिकेच्या शाळांच्या कंपाऊंडच्या भिंतींवर गवंडी म्हणून काम मिळणार होतं. तसं काम मिळालं तर पनवेल सोडायला नको. नापास झाली तर ट्रक होताच. त्या वर्षी काळूने मुकादमाकडून उचल घेतली नव्हती, भामाने घेऊ दिली नव्हती. वस्तीत सगळे त्याला वेड्यात काढत होते.

भामाचा हात फार चांगला होता. लहानपणापासून विटा हाताळलेल्या. ओळंब्याची दोरी सोडायच्या आधीच तिची भिंत ओळंब्यात असायची. एकच खोट होती. ती विटेला पाणी दाखवायची नाही.

वीट बांधायच्या आधी हौदात बुडवून ठेवायची असते. बुडबुडे यायचे थांबले की मग घ्यायची. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते, माल भुसभुशीत राहतो आणि भिंत दिसायला भिंत राहते, पण धरत नाही. हे मी रोज सांगायचो. बाकीच्या बायका मुकाट्याने विटा बुडवायच्या. भामा मात्र मी बघत असलो तर हौदात हात घालायची, आणि पाठ वळली की ढिगातली कोरडी वीट फडक्याने पुसून लावायची.

मी रागावलो तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "हात जात नाय, मास्तर. इट पान्यात गेली का ती गेलीच असं वाटतंय मला."

मग तिने सांगितलं. ती चिंगीएवढी असताना भट्टीवर अवकाळी पाऊस आला होता. सगळ्या हंगामाच्या कच्च्या विटा उघड्यावर रचलेल्या. आई, बाप, भावंडं झावळ्यांची झापं घेऊन धावली. झापं पुरली नाहीत. आईने आपलं लुगडं सोडून विटांवर टाकलं आणि परकरावर उभी राहिली. सकाळी विटांच्या जागी चिखल होता. भट्टीवरच्या पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती हीच, की विटेवर थेंब पडू द्यायचा नाही. जेवल्यावर हातसुद्धा विटांपासून लांब जाऊन धुवायचा.

"पण ही भाजलेली आहे ना, भामा."

"माहीत हाय. मला माहीत हाय. हाताला सांगा."

मी नुसतं म्हटलं, "परीक्षेला पालिकेचे साहेब असणार. तिथे मला बोलता येणार नाही." तिने मान हलवली. नजर पुन्हा दाराकडे.

दिवाळीनंतर आठवड्याने परीक्षा ठरली. वर्गात चौघी उरल्या होत्या. दोघींनी पहिल्या दिवशी भिंतीचा एक कोपरा बांधून दाखवायचा, दोघींनी दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी भामा आणि शोभा. आणि नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत ट्रक येणार होता. म्हणजे पास की नापास हे भामाला आधी कळणार होतं. काळू म्हणाला होता, "पास झालीस तं ऱ्हाऊ. नायतर बोचकी बांधू."

तपासायला देवधर साहेब म्हणून तरुण इंजिनिअर आले. काळू सकाळपासून शेडच्या फाटकापाशी उकिडवा बसला होता. बिडी पेटवायचा, दोन झुरके मारून विझवायचा, कानावर ठेवायचा. आत भामा थरावर थर चढवत होती. हायवेवर हॉर्न वाजला की तिचा हात आणखी जोरात चालायचा. शोभा तिला म्हणाली, "अगं, जरा दमानं. भिंत पळून चाललीय का?"

भामा हौदापाशी एकदाच गेली. वीट पाण्याला लावली आणि लगेच बाहेर काढली, तापल्या तव्यावरून भाकरी काढावी तशी. पुढच्या सगळ्या विटा ढिगातून. मी बघत होतो, पण मला बोलायची मुभा नव्हती.

देवधर साहेबांनी ओळंबा लावला. पाणसळ ठेवून थर सपाट आहेत का पाहिलं. "वा," म्हणाले. "कोपरा तर एकदम काटकोन." भामाने फाटकाकडे पाहिलं. काळू उठून उभा राहिला होता. मग साहेबांनी वरच्या विटेवर थापीच्या दांड्याने हलकेच ठोकलं आणि वीट दोन बोटांनी उचलली. डब्याचं झाकण निघावं तशी ती अलगद निघून आली. खालचा माल त्यांनी फुंकला, तो उडाला.

"बाई, विटा भिजवल्या नाहीत?"

भामाने विटा पुसायचं फडकं खाली ठेवलं. शोभाच्या कोपऱ्याची वीट हलली नाही, ती पास झाली. पण तिच्याही तोंडावर हसू आलं नाही.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "उद्या अकराला दोघींची परीक्षा आहेच. त्यांच्याबरोबर पुन्हा बांधा. हात चांगला आहे तुमचा."

"उद्या अकराला," भामा पुटपुटली. ट्रक आठलाच निघणार होता.

बायका गेल्या, साहेब गेले. काळू आत आला. मी कोपऱ्यात अवजारं गोळा करत होतो, मला निघून जावंसं वाटत होतं, पण वाट त्या दोघांच्या मधून होती.

"त्यो भगवान मुकादम थांबायचा नाय," काळू म्हणाला.

"माहीत हाय."

"ट्रक गेला तं औंदा दुसरी भट्टी घेनार नाय. जोड्या भरल्या."

"माहीत हाय म्हनलं ना! जा, बोचकी बांध."

काळू गेला नाही. त्याने ढिगातली एक वीट घेतली, हौदापाशी गेला आणि वीट पाण्यात सोडली. बुडबुडे यायला लागले. भामाने तोंड फिरवलं. "हिकडं बघ," तो म्हणाला. ती बघेना. त्याने तिचं मनगट धरलं आणि हात पाण्यात घातला, विटेवर दाबून ठेवला. "विरघळली का? आं? विरघळली?"

"नाय."

"मंग मुसमुसतंस कशाला?"

दोघं तशीच हौदावर वाकून उभी होती. बुडबुडे थांबले तरी हात आतच होते. मी अवजारं तिथेच ठेवली आणि मागच्या पत्र्याच्या फटीतून कसाबसा बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मी लवकर शेडवर आलो. आठ वाजले. हायवेवर लांबलचक हॉर्न वाजला, मग पुन्हा एकदा. फाटकाशी कोणी नव्हतं. मी शेडमध्ये येरझारा घालत राहिलो. नऊच्या सुमारास ती दोघं रस्त्यावरून येताना दिसली, भामा पुढे आणि काळू मागे. मुकादमाला काय सांगितलं, असं मी काळूला विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं, माजी जोडी परीक्षेला बसलंय. त्यो हसला आनी आमची जागा दुसऱ्याला दिली."

त्या दिवशी भामाने कोपरा बांधला. विटा हौदातून काढताना तिने मान पार फाटकाकडे वळवलेली असायची आणि हात चाचपडत पाण्यात. देवधर साहेबांनी विचारलं, "या बाई तिकडे काय बघतायत?" मी म्हटलं, "त्यांची तशी पद्धत आहे." तेवढं एक वाक्य मला परीक्षेत बोलता आलं. वीट हलली नाही.

पण काम लगेच मिळालं नाही. कंत्राटदाराने बाईच्या हातात थापी बघितली आणि म्हणाला, "हिच्या हाताखाली माझा कुठला बिगारी राबणार?" महिना तसाच गेला. वस्ती रिकामी, त्यांचं एकच घर उघडं. भामा रोज शेडवर येऊन विचारायची आणि मी रोज भिंतीकडे बघायचो. शेवटी काळूच कंत्राटदाराकडे गेला. "मी ऱ्हातंय हिच्या हाताखाली. जोडी घ्या."

शाळेच्या कंपाऊंडवर पहिल्या दिवशी बाकीच्या गवंड्यांनी त्याला सोडलं नाही. "काय रे काळू, बायकोचा बिगारी झालास?"

काळू माल कालवत म्हणाला, "भट्टीवर ती माझ्या हाताखाली व्हती. तवा कोन हसलं नाय."

आणि पिंपात विटा बुडवायचं काम त्यानेच घेतलं. भामाने मागायची आणि त्याने निथळती वीट तिच्या हातात द्यायची. पिंपाकडे ती पाठ करून बसायची.

त्या पौषात एका दुपारी मी ती भिंत बघायला गेलो होतो. एकाएकी आभाळ भरून आलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. गवंडी शाळेच्या वऱ्हांड्यात पळाले. भामा उलटी धावली, सिमेंटवर टाकलेलं प्लॅस्टिक तिने ओढलं आणि विटांच्या ढिगावर पसरायला लागली, एक कोपरा दाबला की दुसरा उडतोय. सिमेंटच्या गोण्या उघड्या पडल्या म्हणून कंत्राटदार ओरडत होता.

काळू धावत गेला, त्याने प्लॅस्टिक तिच्या हातातून घेऊन गोण्यांवर टाकलं. "भिजू दे की! माजं पिंपाचं काम वाचलं!"

आपण काय करतोय ते भामाला तेव्हा कळलं. ती हसली, चक्क मोठ्याने हसली. वऱ्हांड्यात आली, पदराने तोंड पुसलं. आतल्या वर्गातून पोरांची बाराखडी ऐकू येत होती, चिंगी त्यांच्यात होती. भामा खाली बसली, लगेच उठली, खांबापाशी गेली, परत आली. पाऊस थांबेपर्यंत तिचा डोळा काही त्या विटांवरून हलला नाही.