ओंदितीच्या फोनात गुरुवार उजाडला

कोदेराच्या किनाऱ्यावर गुपित ठेवायच्या जागा दोनच. एक पाद्रीबाबाचा कान आणि दुसरं आकेयोचं खोकं. पाद्रीबाबा जेवायला बसला की ऐकलेलं सगळं बायकोपुढं ओकायचा, त्यामुळं खरं म्हणाल तर जागा एकच.

खोकं म्हणजे पत्र्याची टपरी. वर सोलरच्या दोन पाट्या, पुढं हातभर खिडकी, आत भिंतीला ओळीनं खिळे. किनाऱ्यावर वीज आली नव्हती. कोळी पहाटे होड्या ढकलायच्या आधी आपापला फोन आकेयोकडं टाकायचे आणि दुपारी मासळी उतरवून झाली की घेऊन जायचे. होडीत फोन नेण्यात अर्थ नव्हता. लोल्वे सरोवरानं आजवर इतके फोन गिळले होते की तळाच्या माशांनी एकमेकांना मिस कॉल द्यायला हरकत नव्हती.

आकेयोची रीत ठरलेली. फोन आला की मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढून चिमट्याला लावायची आणि मेलेला फोन पिशवीत घालून मालकाच्या खिळ्याला टांगायचा. दुपारी बॅटरी एका हातात, फोन दुसऱ्या हातात. घालायची ती ज्याची त्यानं. त्या जुन्या बटणांच्या फोनांची एक खोड होती. बॅटरी काढून बराच वेळ ठेवली की घड्याळ पार विसरून जायचं. पुन्हा चालू केला की जानेवारीची पहिली तारीख आणि बाराचा ठोका. मालकानं खरी वेळ भरली तर भरली. कोळ्यांना हे फार पसंत होतं. घड्याळ विसरलेलं दिसलं म्हणजे मधल्या वेळात फोन कुणी जागा केला नाही. पोस्टाच्या पाकिटाला लाख लावतात तसा हा प्रकार.

बायकांना मात्र ती खिळ्यांची ओळ बघून झोप यायची नाही. जो फोन नवरा घरात उशाखाली घेऊन झोपतो, तो इथं सहा-सात तास उघड्यावर लोंबकळतोय आणि आपल्याला हात लावता येत नाही, म्हणजे काय!

सगळ्यांत चिवट आलेगोकरीण. ती आलेगो मुलखातून लग्न होऊन आलेली, म्हणून नाव तसं पडलं. खरं नाव तिच्या सासूलाही आठवायचं नाही. किनाऱ्यावर तिचं चहाचं आणि मंदाझीचं, म्हणजे तळलेल्या गोड वड्यांचं, छप्पर होतं आणि ओबिएरो नावाचा एक देखणा, गोडबोल्या नवरा होता. आठवड्यातून एकदा तरी ती गरम मंदाझी पानात बांधून खिडकीशी यायची.

"आकेयो, नुसता हातात दे. उगडत न्हाई मी."

"मग हातात घिऊन काय करनार? पापा घेनार?"

"बाई असून बाईचं दुक कळंना तुला."

"कळतंय की. पन फोन ज्यानं दिला त्याच्याच हातात जानार. तुजा नवरा तुला देत आसंल तर घरात माग."

"घरात मागितला असता तर तुज्या दाराला कशाला आले असते, भवाने!" असं म्हणून ती निघायची, पण मंदाझी परत न्यायची नाही. ती आकेयो खायची. लाच म्हणून नव्हे, गरम असायची म्हणून.

आकेयो चाळिशी ओलांडलेली, विधवा, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. किनाऱ्यावरचे सगळे पुरुष तिला वहिनी म्हणत. त्यातल्या ओंदितीनं मात्र सहा महिन्यांपासून वहिनी म्हणायचं बंद केलं होतं आणि त्याचा अर्थ किनाऱ्याला लगेच कळला होता.

ओंदिती जाळी विणणारा, होडीवरही जाणारा, पन्नाशीचा, बायको मेलेला. दाढी रोज करायचा आणि सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून मासळीची टोपली अंगापासून लांब धरून चालायचा. त्यानं विचारलं होतं, की येत्या रविवारी मी माझ्या थोरल्या आत्याला घेऊन रीतसर तुझ्या दारी येऊ का? आकेयोनं "ये" म्हणून टाकलं होतं. आता ते 'ये' परत घ्यावं की काय असं तिला वाटत होतं, आणि त्याला कारण होतं.

ती त्याला फोनवरून निरोप लिहायची. तोंडानं जे बोलता येत नाही ते बोटांनी बरं येतं. पण तो कधी लिहून उत्तर द्यायचा नाही. आणि खिडकीतून तिला एक गोष्ट चार-पाच वेळा दिसली होती. तिनं इकडून निरोप पाठवावा, तिकडं वाळूत बसलेल्या ओंदितीच्या खिशात टिणटिण व्हावं, त्यानं फोन काढावा, त्याकडं न बघताच डावीकडं-उजवीकडं बघावं आणि मासळी धुरवायच्या भट्ट्यांच्या मागं चालू लागावं. सरळ माणूस आपला निरोप बसल्या जागी वाचतो. भट्टीमागं कशाला जातो?

"बगितलंस न्हवं?" आलेगोकरणीनं एकदा पदरानं तोंड पुसत विचारलं. "फोन वाजला की चोरागत पळतोय. एक बाई हिकडं आन् एक पलीकडच्या बेटावर, असलं काय आसंल का गं?"

"तू तुज्या चहाला बग, उतू चाललाय," आकेयो म्हणाली. पण शब्द जाऊन जिथं रुतायचा तिथं रुतला.

गुरुवारी होड्या गेल्या. ऊन चढलं. ओंदितीचा फोन अकराव्या खिळ्याला. आकेयोनं त्याची बॅटरी चिमट्यातून काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. आत्या दारात येऊन बसली की मग नाही म्हणायची सोय नसते. आधी कळलेलं बरं. पण आपण कोण? बारा वर्षांत सख्ख्या बहिणीलाही तिनं मेहुण्याचा फोन दिला नव्हता.

तिनं खिडकीचं फळकूट ओढून घेतलं आणि बॅटरी घातली.

फोन उजळला आणि त्यानं वेळ विचारली. आकेयोचा हात टपरीवालीचा हात, विचारलं की उत्तर देणारा. तिनं भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ भरली, तारीख भरली. मग निरोपांची पेटी उघडली.

पेटी रिकामी. आलेले निरोप नाहीत, गेलेले नाहीत. तिनं तीन वेळा उघडली. काही सापडलं असतं तर तिनं त्याच्या नावानं शंख केला असता, काही वाईट नसतं सापडलं तर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. पण धुऊन पुसून स्वच्छ केलेल्या पेटीचं करायचं काय? एवढं कोण पुसतं? ज्याच्याकडं पुसण्यासारखं असतं तोच! आणि तिचे सहा महिन्यांचे निरोप? तेही गेले?

तिनं नावांची यादी बघितली. सात नावं. बर्फाचा कारखाना, दोन होडीमालक, आत्या, पुतण्या, पाद्री. आणि तिच्या नंबरापुढं लिहिलं होतं: चार्जिंग.

"चार्जिंग!" आकेयो मोठ्यानं म्हणाली. रविवारी जिला मागणी घालायची ती चार्जिंग!

तेवढ्यात बाहेर होड्यांची इंजिनं घरघरली. आज वारा फिरला म्हणून लवकर परतले होते. फळकुटावर थाप पडली. ओंदितीच होता, ओल्या पायांनी, घडीच्या सदऱ्यात. आकेयोनं घाईनं बटण दाबून फोन बंद केला आणि तसाच त्याच्या हातात कोंबला. बॅटरी आतच.

"तब्येत बरी हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"फस्कलास," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

दिवस कलायच्या आत तिनं त्याला निरोप लिहिला. 'रविवारी येऊ नकोस. आधी बोलायचं आहे.' पाठवला. खिडकीतून बघत राहिली. टिणटिण झालं असणार, कारण ओंदिती उठला आणि भट्ट्यांच्या मागं गेला.

थोड्याच वेळात भट्ट्यांच्या मागून वरातच निघाली. पुढं आलेगोकरीण, तिच्या एका उंचावलेल्या हातात ओंदितीचा फोन, दुसऱ्यात चहाची पळी. मागं खाली मान घातलेला ओंदिती. त्याच्या मागं चहा अर्धा टाकून आलेले पंधरा-वीस कोळी, आणि त्यांत ओबिएरोही.

"आकेयो, येळ काय झाली गं?" आलेगोकरणीनं खिडकीत तोंड घालून विचारलं.

"का? तुज्या कोंबड्याचा गळा बसलाय?"

"कोंबडं बरं हाय. पन ह्यो फोन बी सांगतोय बग. चार वाजून बारा मिन्टं, आन् वार गुरुवार. बरूबर?" ती लोकांकडं वळली. "ओंदितीच्या फोनात आजवर कदी जानेवारी सरला न्हाई. ह्यो बाबा येळ भरतच न्हाई. मग आज एकाएकी गुरुवार कसा उजाडला?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. बगळ्यानंही पाय उचलला तो तसाच धरला.

"मी न्हाई भरली," ओंदिती भाबडेपणानं म्हणाला. "मला असाच मिळाला."

आकेयोचे कान तापले. खोटं बोलायला सात-आठ वाटा होत्या, पण तिला त्यांतली एकही आवडली नाही.

"बगितला मी," ती म्हणाली. "बॅटरी घातली आन् आत डोकावले. व्हय."

"मग आमचं बी बगत आसशील, वहिनी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुमच्यात बगायचं काय हाय? तुमचं समदं तुमच्या बायका हितं रोज फुकट सांगून जात्यात!" काहीजण हसले, पण दोघंजण पुढं येऊन आपापल्या बॅटऱ्या मागायला लागले, आणि ते तिला लागलं.

"वर तोंड करून बोलतीया," आलेगोकरणीला आता चेव चढला होता. "चोरून बगायचं आन् वर त्यालाच लिवायचं, रविवारी येऊ नगंस, आदी बोलायचं हाय!"

आकेयोनं तिच्याकडं बघितलं. मग ओंदितीकडं. मग परत तिच्याकडं.

"ते तुला कुनी सांगितलं?"

आलेगोकरणीनं हातातला फोन झटकन ओंदितीच्या हातात कोंबला.

"वाचलं तिनं," ओंदिती वाळूकडं बघत म्हणाला. "मला जवळचं अक्षर दिसत न्हाई, आकेयो. लई दिस झालं, पन चष्मा घातला की म्हातारा दिसतो मानूस. भट्टीमागनं तिच्या छपराला जातो, ती वाचती, मी ऐकतो."

"समदे? सहा म्हैन्याचे?"

"वाचून झालं की लगीच पुसून टाकते ती. मीच सांगितलंय. दुसऱ्या कुनी वाचू नये म्हनून."

"दुसऱ्या कुनी!" आकेयोचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला.

गर्दीतून कुणीतरी हळूच बदकासारखं ओरडलं. मग आणखी एकजण. होडीतून उतरताना तू बदकासारखा चालतोस पण मला ते बघायला बरं वाटतं, असं तिनं गेल्या पावसाळ्यात लिहिलं होतं. तेव्हापासून सारा किनारा ओंदितीला बघून बदकाचा आवाज का काढतो, ते तिला आज कळलं.

"आन् चार्जिंग?" तिनं दात आवळून विचारलं.

"नाव काय घालू म्हनाली ही. मी म्हनलो, ती न्हाई का, चार्जिंगवाली. तिनं निम्मंच घातलं."

"अष्टवक्रे," आकेयो आलेगोकरणीला म्हणाली, "सहा म्हैने माज्या पोटातलं वाचलंस, आन् वर मलाच ईचारतीस पलीकडच्या बेटावर कोन हाय म्हनून?"

"मजा वाटली, म्हनून ईचारलं," आलेगोकरीण पडल्या आवाजात म्हणाली. पण ती हार मानणारी नव्हती. तिचं बोट खिडकीतून आत गेलं. "ते ऱ्हाऊ दे. रीत मोडलीस न्हवं? एकदा मोडली ती मोडली. तो तिसरा खिळा. आमच्या ह्यांचा. दे हिकडं."

ओबिएरो अजून फोन न्यायला आलाच नव्हता. तो बायकोच्या मागंच उभा होता, पण तोंडावरचा रंग उतरून पायात गेला होता.

आकेयोनं तिसऱ्या खिळ्याची पिशवी काढली, बॅटरी काढली. आलेगोकरणीनं पळीसकट दोन्ही हात पसरले. आकेयोनं त्या हातांवरून आपला हात लांब केला आणि दोन्ही वस्तू ओबिएरोच्या छातीशी धरल्या.

"मी चुकले म्हनून रीत चुकली न्हाई. ह्यो तुजा. तुला दाकवायचा आसंल तर दाकव तिला, हितंच. ती बी हाय, आमी बी हाय."

ओबिएरोनं फोन घेतला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"जाळं सोडून आलोय," तो म्हणाला. "वारं सुटलंय, वाहून जाईल." आणि तो निघाला. आलेगोकरीण त्याच्या मागं, चहाची पळी अजून हातातच. तिचा आवाज बराच वेळ पाण्याच्या कडेकडेनं लांब जात राहिला. गर्दीला दोन तमाशे एका वेळी बघता येईनात, तिनं लांबचा निवडला.

पुढं काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. आठवडाभर काहीजण फोन घेऊन चढावरच्या बाजारात गेले आणि पाय दुखले म्हणून परत आले. परत आले तरी पहिल्यासारखे नाही. जाताना फोनातलं सिमकार्ड काढून टोपीच्या पट्टीत खोचायला लागले. एकानं ते शिंकेसरशी सरोवरात घालवलं. आकेयो ते बघायची आणि तशाच पिशव्या खिळ्यांना टांगायची. तेवढं तिचं देणं होतं.

ओंदितीला तिनं एवढंच सांगितलं, "आत्याला घिऊन आलास तर डोळ्यांवर काचा घालून ये. तुला मी हवी हाय का तुजं रूप?"

दुसऱ्या रविवारी तो आला. आत्या मागं, छत्री घेऊन. ओंदितीच्या नाकावर बाजारातला चष्मा, लाल काड्यांचा, बायकांचा असावा. आकेयोनं हसू गिळलं. मक्याच्या पिठाची उगाली आणि मासळी खाऊन झाली, आत्या भिंतीला टेकून घोरायला लागली. ओंदितीनं खिशातून फोन काढला, लांब धरला, जवळ धरला आणि एकेक बटण दाबत बसला. बराच वेळ गेला. मग समोरच बसलेल्या आकेयोच्या फोनात टिणटिण झालं. त्यानं आयुष्यात स्वतः लिहिलेला पहिला निरोप. ती अधीर होऊन वाचायला लागली.

'कुलूप कसं लावायचं.'

"मोठा आलाय कुलूपवाला," ती म्हणाली, पण सरकून बसली. "हे दाब. आता हे. आता चार आकडे घाल, तुज्या मनातले. मी बगत न्हाई." तिनं तोंड सरोवराकडं फिरवलं.

ओंदितीनं चष्मा सारखा केला, बोट उचललं आणि पाढा म्हटल्यासारखा खणखणीत आवाजात सुरुवात केली, "सात... दोन..."

आकेयोनं दोन्ही कानांत बोटं घातली. "मनात म्हन की मुडद्या, मनात!"