वहिनी, हे जरा सिरीयस आहे

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ओट्याखालच्या कपाटात सुपरमार्केटच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. आपण एकही मुद्दाम ठेवलेली नसते आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. परवा एका बारशाला एक बाई मला अगदी हळू आवाजात विचारत होत्या, "तुम्ही तिघी म्हणे ऑनलाइन काहीतरी खेळता?" मी मोठ्याने म्हटलं, "पोकर!" चार माना वळल्या. म्हटलं, बरं झालं. आता सगळ्यांनाच सांगते.

तिघी म्हणजे मी, सुजाता आणि मेघना. मी नेदरलँड्समध्ये, द हेगला, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. सुजाता मूळची नागपूरची, संख्याशास्त्रात पीएचडी, इथे संशोधन करते. आणि मेघना. ती पुण्यात बँकेत कर्जाची प्रकरणं तपासायची. नवऱ्याला, निखिलला, इकडे नोकरी लागली म्हणून सगळं सोडून शेजारच्या झूटरमेर गावात आली. काम करायची परवानगी होती, पण डच येत नव्हतं म्हणून काम मिळत नव्हतं. भेटेल तो तिला एकच विचारायचा, "मग दिवसभर काय करतेस?"

*

सुरुवात झाली इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत. खाली हॉलमध्ये आम्ही बायका फराळाच्या प्लेटा भरत होतो, वर पुरुषमंडळींची तीन पत्ती रंगली होती. मेघना चहा घेऊन वर गेली आणि ट्रे ठेवून तिथेच एका रिकाम्या खुर्चीत बसली. "मला पण वाटा."

मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, ते हसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, हे जरा सिरीयस आहे."

मेघना उठली. खाली आली. आम्हाला दोघींना बाजूला घेऊन म्हणाली, "पत्त्यांमधलं सगळ्यात सिरीयस काय असतं गं?"

सुजाता म्हणाली, "पोकर. पण त्याला अभ्यास लागतो."

"मग करू की अभ्यास! तसंही मी दिवसभर काय करते?"

*

इथे ऑनलाइन पोकर खेळायचं तर परवाना असलेल्या साइटवर खातं काढावं लागतं, आणि ते म्हणजे गंमत नाही. पासपोर्ट दाखवा, बँक दाखवा, महिन्याला जास्तीत जास्त किती घालणार ते सांगा, दिवसाला किती वेळ बसणार तेही सांगा. मेघना वैतागली. "अगं, निखिलच्या घरच्यांनी लग्नाच्या वेळी सुद्धा एवढं विचारलं नव्हतं!"

मर्यादा आम्ही आधीच ठरवली होती. महिन्यात एक सिनेमा आणि एक कॉफी, तेवढीच रक्कम. ती संपली की महिना संपला. त्यात एक सेंटही वाढवायचा नाही, हा सुजाताचा नियम.

मग आलं टेबलावरचं नाव. सुजाता म्हणाली, "काहीतरी साधं घे. बाई आहेस हे कळलं तर लोक उगाच अंगावर येतात."

"येऊ देत," मेघना म्हणाली आणि तिने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'वहिनी'.

"हे काय?"

"तिकडे एकाने वहिनी म्हणून उठवलं ना? आता इथे सगळे वहिनी म्हणूनच पैसे देतील."

पहिला मोठा डाव ती जिंकली तेव्हा समोरच्या कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, "वेल प्लेड, वहिनी सर!"

*

आम्ही शनिवारी सकाळी सुजाताच्या घरी जमायचो. मला ट्राम पकडून जावं लागायचं. पोहे व्हायचे, मग सुजाता टीव्हीला लॅपटॉप जोडायची आणि शिकवायची. कुठले दोन पत्ते हातात आले तर खेळायचं, कुठले आले तर टाकायचे, म्हणजे तो डावच सोडून द्यायचा, आपली पाळी आधी आहे की शेवटी, त्याने काय फरक पडतो. पहिले काही आठवडे तर तिने आम्हाला खऱ्या पैशांना हातच लावू दिला नाही. आणि खेळायला लागल्यावर कळलं की गंभीर पोकर म्हणजे मुख्यतः पत्ते टाकणं! राजा आणि तिरी? टाका. गुलाम आणि पंजी? टाका. एक्का आहे हो! सोबत काय आहे? सत्ती. टाका!

एका शनिवारी निखिल मेघनाला न्यायला लवकर आला आणि मागे खुर्ची ओढून बसला. बराच वेळ बघितल्यावर त्याला राहवेना.

"अगं, मी आल्यापासून तू एकही डाव खेळली नाहीस!"

"खेळतेय ना."

"नुसते पत्ते टाकतेयस!"

मेघना स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "तू कशाला बोलतोस? तुला ऑफिसात नको ती कामं एवढी जरी टाकता आली असती, तर रोज घरी यायला सात वाजले नसते."

निखिल त्यानंतर पोहे खायला आत गेला.

*

आता सुजाताचा किस्सा, तिच्या परवानगीशिवाय.

पोकरमध्ये सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे डोकं फिरणं. हरल्याच्या रागात माणूस पुढचे डाव वेड्यासारखे खेळतो. यावर सुजाताने आम्हाला इतकी लेक्चरं दिली होती, की मला झोपेत पण म्हणता आली असती. "निकाल बघायचा नाही, निर्णय बघायचा. नशीब ही दीर्घकाळात समान वाटली जाणारी गोष्ट आहे."

एकदा तिच्या हातात आली एक्क्यांची जोडी. याहून चांगलं काही नसतं. समोरच्याकडे सत्त्यांची जोडी. दोघांनी सगळे पैसे आत ढकलले, हातातले पत्ते उघडे झाले. सुजाता शांतपणे आम्हाला सांगतेय, "बघा, अशी वेळ पाचदा आली तर चारदा मी जिंकणार," आणि टेबलावरचं शेवटचं पान उघडलं. सत्ती! त्याच्या तीन झाल्या.

"हरकत नाही," सुजाता म्हणाली. "हाच तो पाचवा."

तेवढ्यात समोरच्याने एक हसरा चेहरा पाठवला.

सुजाताचे कान लाल झाले. पुढच्या डावात तिने चौका आणि नव्वी हातात घेऊन उरलेले सगळे पैसे ढकलले! चौका आणि नव्वी! आम्ही ओरडेपर्यंत महिना संपला होता. ती उठली, जॅकेट घातलं, सायकल काढली आणि गेली. बाहेर असा वारा, की झाडं आडवी होत होती.

बऱ्याच वेळाने आली. केस पिंजारलेले, नाक लाल.

मी विचारलं, "झालं का डोकं शांत?"

"कसलं शांत! जाताना वारा समोरून, येताना पण समोरूनच! आणि म्हणे नशीब दीर्घकाळात समान वाटलं जातं!"

*

मेघनाच्या सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यात राहायला आल्या. लपवायचं नाही, हे मेघनाने आधीच ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आई, मी पत्ते खेळते. पैसे लावून. ठरवलेलेच लावते." सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. पण त्या आठवड्यात मेघनाशी कामापुरतंच बोलणं, आणि निखिलला वेगळं बसवून काहीतरी कुजबुज.

मग एका दुपारी साइटकडून फोन आला. इथे हा नियमच आहे. कुणी नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळताना दिसलं की ते चौकशी करतात. मेघना कणीक मळत होती म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. एक तरुण मुलगा अगदी नम्र इंग्रजीत बोलत होता. या आठवड्यात आपण जरा जास्त वेळ टेबलावर होता, सगळं ठीक आहे ना? ताण वगैरे नाही ना? मधेमधे विश्रांती घेत जा.

मेघना म्हणाली, ठीक आहे, आणि तो म्हणतोय ते बरोबर आहे, पुढच्या आठवड्यात कमी खेळेन. फोन ठेवला. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"कोण गं?"

"त्या पत्त्यांच्या साइटवाला. जास्त वेळ बसता, दमला असाल, थोडी विश्रांती घ्या म्हणाला."

सासूबाईंचे हात थांबले. "असं फोन करून विचारतात?"

"हो. त्यांना विचारावंच लागतं."

सासूबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "चाळीस वर्षं मी ओट्यापाशी उभी आहे. दमलात का, म्हणून मला कधी कुणाचा फोन आला नाही!"

त्या संध्याकाळी निखिलने पोळ्या केल्या. नकाशासारख्या झाल्या होत्या. सासूबाईंनी मागून घेतल्या.

*

आता काका. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच. गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन दरवर्षी मी आणि सुजाता करायचो. मीटिंगला सगळे बसलेले असताना काका म्हणाले, "यंदा निवेदन दुसऱ्या कुणाला द्यावं असं कमिटीचं मत आहे. मुलंबाळं असतात. जुगार खेळणाऱ्या बायका स्टेजवर... मंडळाचं नाव आहे."

या परक्या गावात मंडळ म्हणजे आमचं अर्धं माहेर. तिथून कुणी असं उठवलं की काय वाटतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. मी खाली बघत राहिले.

सुजाता उभी राहिली. "काका, दिवाळीला वर काय चालतं?"

"ती परंपरा आहे. करमणूक."

"तुम्ही पत्ते न बघता पैसे लावता. ब्लाइंड. बरोबर?"

"खेळच तसा आहे तो."

"आणि आम्ही पत्ते बघूनसुद्धा टाकून देतो. जुगारी कोण, ते मंडळानेच ठरवावं."

मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. काकांनी विषय पार्किंगवर नेला.

निवेदन गेलं ते गेलंच. आजही दुसरंच कुणीतरी करतं आणि वाईट करतं, हे मी निःपक्षपातीपणे सांगते! आम्ही गणपतीला गेलो, पहिल्या रांगेत बसलो, आरती खणखणीत म्हटली. माफी मागितली नाही. प्रसादाच्या रांगेत एक नवी लग्न होऊन आलेली मुलगी मेघनाजवळ सरकली. "मला शिकवाल? पैसे सुटतात का यात?"

"पैशांसाठी येणार असशील तर येऊ नकोस," मेघना म्हणाली. "डोक्यासाठी येणार असशील तर शनिवारी ये. पोहे असतात."

ती अजून येते. पोहे आता तीच करते, कारण सुजाताचे पोहे चिवट होतात.

*

मेघना हल्ली द हेगमध्ये एका वित्त कंपनीत जोखीम तपासायचं काम करते. ती नोकरी मिळाली त्या मुलाखतीचं तिने आम्हाला सांगितलं, ते असं.

मधल्या वर्षांत काय केलं, हा रकाना आला की सगळे तिला सांगायचे, "फॅमिली ब्रेक लिही." निखिल तर हात जोडून म्हणाला, "वाटेल ते लिही, पण ते लिहू नकोस." तिने सरळ लिहिलं, 'ऑनलाइन पोकर, अभ्यास करून.'

समोर दोघं बसलेले. एक उंच डच बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थांनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे जुगार खेळणाऱ्या माणसाच्या हातात आम्ही आमची जोखीम द्यायची?"

मेघना म्हणाली, "मी पुण्यात बँकेत होते. तिथे मोठमोठे लोक हरत चाललेल्या धंद्यात आणखी पैसे ओतताना बघितलेत, कारण आधी ओतलेले सोडवत नव्हते. मी हातातला राजासुद्धा सोडून देते. तुम्हाला यातलं कोण हवंय?"

गृहस्थांनी कागद बाजूला सरकवला. ती उंच बाई मात्र पुढे झुकली, तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "एक सरळ विचारते. तू खरंच एवढी चांगली आहेस, की आत्ता आमच्यासमोर ब्लफ मारते आहेस?"

मेघनाने समोरचा ग्लास उचलला, सावकाश पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला.

"पोकरमध्ये समोरच्याचे पत्ते बघायचे असतील तर आधी पैसे टाकावे लागतात."