दोन अनोळखी पोरांचं तर्पण

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला जबाब कुठल्या खुनातला, हे माझं मलाच सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोक्यात राहिलं आहे. त्याची सुरुवात झाली आमच्या चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या घरात, मी वडिलांच्या श्राद्धाला पाटावर बसलेला असताना.

आमचं घराणं तंजावरचं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, अशी आमच्या पिढ्यांची रीत. माझं लिहिण्यातलं मराठी सुधारलं ते बायकोमुळे. ती साताऱ्याची आहे आणि लग्नानंतरची पहिली दहा वर्षं माझ्या बोलण्याला हसण्यातच तिने काढली. मी तेव्हा चेन्नई बंदराच्या पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. मोबाइल नुकते लोकांच्या हातात दिसू लागले होते, पण परदेशी फोन करायचा तर अजून पिवळ्या पाटीच्या बूथवर जावं लागे.

आमचे गुरुजीही तंजावरचेच. सत्तरी उलटलेले आणि भारी बोलके. मंत्रांच्या मध्येसुद्धा गल्लीतल्या बातम्या सांगायचे. माझ्या बोटात दर्भाचं पवित्रक अडकवत ते म्हणाले, "सार, काल तुमच्या हार्बरातून एक माणूस आला होता. महाराष्ट्रातला. जहाजावर स्वयंपाक करतो म्हणे. दोघांचं तर्पण करायचं म्हणाला. नावं विचारलों, ठाऊक नाहीत. गोत्र विचारलों, तर म्हणतो, आफ्रिकेतली पोरं ती, त्यांना कुठलं गोत्र. बरं म्हणालों. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात, शास्त्रात सगळी सोय आहे. पण गेले कधी, तिथी कुठली? तर म्हणतो, गेले की नाही तेच ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय करणार? जिवंत माणसाला तिळाचं पाणी देतात का? परत पाठवलों. बिचारा पायरीवर बसून रडला. उद्या पुन्हा येणार आहे."

परक्या देशातल्या, नावही ठाऊक नसलेल्या पोरांसाठी एखादा माणूस अनोळखी गावात भटजी शोधत फिरतो, म्हणजे त्याने काहीतरी पाहिलेलं असतं. त्या दिवशी श्राद्धाच्या जेवणात माझं वड्यांकडे लक्ष नव्हतं, आणि ते बायकोच्या बरोबर लक्षात आलं.

ठाण्यात जाऊन मी आमच्या रायटरला, म्हणजे ठाण्याचं लिहिणं सांभाळणाऱ्या हवालदाराला, बंदरातल्या जहाजांची यादी काढायला लावली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेलं जहाज एकच होतं. लाकडाचे ओंडके घेऊन आलेलं, गंजून लाल झालेलं. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, कप्तान तिसऱ्या देशाचा. चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, आपला भारतीय. ओंडके उतरायला तीन दिवस लागणार होते. त्यानंतर जहाज निघून जाणार आणि परत कधी येणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी वरिष्ठांकडे गेलो. सहायक आयुक्त सज्जन माणूस, पण कागदाला कागद लावून चालणारा. म्हणाला, "फिर्यादी कोण? प्रेत कुठंय? मेलेल्याचं नाव काय? आणि झालं असेल ते आपल्या हद्दीत झालंय का?" माझ्याकडे एकच आधार होता. भारतीय माणसाने जगात कुठेही गुन्हा केला तरी आपलं दंडविधान त्याला लागू होतं. फक्त खटल्याला दिल्लीची मंजुरी लागते. "नाव आण," तो म्हणाला. "निदान एक नाव तरी आण. बिननावाच्या माणसासाठी मी जहाज अडवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर नेसून गुरुजींच्या ओटीवर जाऊन बसलो. तो आला. पन्नाशीचा, ठेंगणा, दंडावर तेल उडून भाजल्याचे डाग. श्रीवर्धनकडचा. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, तेच इथेही म्हणतो. मी मराठीत बोलायला लागलो तसा तो क्षणभर सगळं विसरला. "साहेब, तुमचं मराठी पोथीतल्यासारखं वाटतं ओ," म्हणाला. मग मी पोलिसातला आहे हे सांगितलं. तो उठला आणि चपला शोधू लागला.

"बस," मी म्हणालो. "मी तुला काही विचारणार नाही. ती पोरं जेवायची काय, एवढंच सांग."

तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारत आलो. स्वयंपाक्याला गुन्ह्याबद्दल विचारलं तर तो गप्प बसतो. जेवणाबद्दल विचारलं की त्याला राहवत नाही. भंडारी चपला तिथेच सोडून खाली बसला.

"धाकट्याला तिखट चालत नव्हतं," तो म्हणाला. "डाळीला हात लावीना. मग मी त्याला भातावर साखर घालून दिली. तेवढं मात्र चाटूनपुसून खायचा. आमच्या घरी पोरं लहान असताना असंच करायची."

पुढचं हळूहळू आलं. आफ्रिकेतलं बंदर सोडल्यावर सहाव्या दिवशी ही दोघं सुकाणूजवळच्या पोकळीत लपलेली सापडली. एक विशीतला, दुसरा सोळा-सतरा वर्षांचा. कुठेतरी जाऊन काम करू, एवढाच त्यांचा बेत. अशा चोरून चढलेल्या माणसांना बंदरात आणलं की दंड, चौकशी आणि परत पाठवायचा खर्च कंपनीच्या गळ्यात पडतो. कप्तानाने त्यांना कोठीत कोंडलं. जेवण नेऊन द्यायचं काम भंडाऱ्याकडे होतं. त्या बंदरांत वीस वर्षं ये-जा केल्याने त्यांच्या भाषेतले खाण्यापिण्याचे शब्द त्याला यायचे. भात म्हणजे वाली, साखर म्हणजे सुकारी, पाणी म्हणजे माजी. तेवढ्यावर त्यांचं बोलणं चालायचं. धाकट्याने सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर एक नंबर लिहून दिला. 'मामा' म्हणाला, म्हणजे आई, आणि कानाला हात लावून दाखवलं.

कोंडल्यापासून चौथ्या दिवशी, दुपारी, चीफ ऑफिसरने चार पिंपं आणि फळ्या बांधून तराफा करवला. जमीन जवळ आहे, असं खलाशांना सांगितलं.

"होती का जवळ?"

"नाय ओ साहेब. चारी बाजूंना पाणी."

भंडाऱ्याने बिस्किटांच्या डब्यात चपात्या भरल्या, पाण्याचा एक कॅन घेतला आणि कुणाला न विचारता दोन्ही दोरीने खाली सोडलं. मोठा तराफ्यावर उतरला होता. धाकटा दोरीच्या शिडीला घट्ट धरून राहिला. सोडीना. तेव्हा चीफ ऑफिसरने वाकून त्याच्या बोटांवर लोखंडी पाइप मारला आणि तो सुटून खाली तराफ्यावर पडला.

हे सांगताना भंडाऱ्याने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "मी वरून बघत होतो," म्हणाला. "काय बोललो नाय. बोललो असतो तर मलापण उतरवलं असतं, असं वाटलं. चार महिन्यांचं कंत्राट बाकी होतं. खलाशाचं पुस्तक काढून घेतलं असतं, मग कुठल्याच जहाजावर घेत नाय. असलं सगळं वाटलं."

"आणि फोन?"

चंदेरी कागद त्याच्या पाकिटात होता, नीट घडी घातलेला. "तीन वेळा बूथपर्यंत गेलो. काय सांगू त्या बाईला?"

मला नाव हवं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात नाव आणि दोन दिवसांत निघणारं जहाज एवढंच होतं. त्या आईचा विचार मी केला नाही. बंदराच्या फाटकासमोर एक विधवा बाई बूथ चालवायची, तिथे मी त्याला घेऊन गेलो. नंबर मीच फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. बूथ इतका लहान, की पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

घंटा वाजली. एका बाईचा आवाज आला. भंडारी म्हणाला, "मामा?"

ती म्हणाली, "हमीसी?"

या हकिकतीत मी कुणाचंही नाव दिलेलं नाही, पण हे एक देतो. तिने ते तीनदा उच्चारलं. पहिल्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा हाक मारली, आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज इतका आनंदाचा होता, की मी भिंतीकडे तोंड केलं. भंडारी त्याला येत होते ते शब्द बोलला. "वाली," म्हणाला, "सुकारी. माजी." भात, साखर, पाणी. ती भराभर काहीतरी विचारू लागली. त्याने रिसीव्हर ठेवून दिला आणि तिथेच खाली बसला.

मी डायरीत नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात, पण त्या पानावरचं मला आजही वाचवत नाही.

त्यानंतर चक्रं हलली. भंडाऱ्याने फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला, जहाज थांबवलं. कप्तानाने वकील बोलावला आणि तोंड उघडलं नाही. चीफ ऑफिसर मात्र तयारीने आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. जहाजाच्या नोंदवहीत दोन पोरांचा उल्लेखही नव्हता. "कसली पोरं?" हे तो वेगवेगळ्या तऱ्हेने दोन तास म्हणत राहिला. मी चहा मागवला. मग नुसतंच सांगितलं, "त्यातल्या एकाचं नाव हमीसी. त्याच्या आईशी आम्ही बोललो."

त्याने कप बशीत ठेवला. "धाकटा का?" त्याने विचारलं.

पोलिसासमोर काढलेले शब्द कोर्टात टिकत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण ते तोंडून निघून गेल्यावर त्याची ती इंग्रजी कुठल्या कुठे गेली. त्यालाही घरी दोन मुलं होती, हे मी न विचारताच त्याने सांगितलं. मला त्याची कीव आली नाही, आणि ते लपवायचंही कारण नाही. संध्याकाळपर्यंत तराफा बांधणाऱ्या दोन खलाशांनी जबाब द्यायची तयारी दाखवली. ते दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवले. मंजुरीला दीड वर्ष लागलं. कप्तान त्याआधीच जामिनावर आपल्या देशाला गेला तो गेलाच. चीफ ऑफिसरला शिक्षा झाली, अपील झालं. तोवर माझी बदली झाली होती.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण फोन केल्यानंतर महिन्याभराने ती बूथवाली बाई ठाण्यात आली. तमिळमध्ये म्हणाली, "सार, त्या परदेशी नंबरावरून फोन येतो. बाई एक शब्द बोलते आणि थांबते. राँग नंबर म्हणाले तरी ठेवत नाही. मीपण ठेवत नाही. कसं ठेवू?" हमीसीच्या आईच्या मोबाइलवर त्या बूथचा नंबर उमटला होता. दर शुक्रवारी, दुपारी चारला ती फोन करायची.

गुन्हा शोधून काढला म्हणून आयुक्तांनी माझी पाठ थोपटली होती. आणि इकडे ती बाई आपलं पोर त्या बूथमध्ये कुठेतरी आहे असं समजून बसली होती. ते मीच केलं होतं. तिला वकिलातीकडून पत्र जाईल, असं वरून सांगण्यात आलं. मी ते मानलं नाही. एका इंजिनिअरिंग कॉलेजात टांझानियाचा एक विद्यार्थी शिकत होता, त्याला शोधून काढलं. पुढच्या शुक्रवारी तो, मी आणि साक्षीदार म्हणून चेन्नईतच ठेवलेला भंडारी, असे तिघे त्या बूथवर थांबलो. बाहेर ट्रेलर हॉर्न वाजवत होते. बूथवालीने रस्त्याकडचं दार ओढून घेतलं.

चारला घंटा वाजली. मी त्या मुलाला एकेक वाक्य सांगत गेलो आणि तो तिला सांगत गेला. तराफा सांगितला. जमीन दिसत नव्हती, हेही सांगितलं. पाइपचं मी सांगितलं नाही. प्रेत मिळालेलं नाही, तिकडच्या किनाऱ्यांवर निरोप धाडले आहेत, अजून काही कळलेलं नाही.

मग तिने विचारलं, उतरताना तो उपाशी होता का. भंडाऱ्याला ते समजावून सांगावं लागलं नाही. तो रिसीव्हरकडे झुकून म्हणाला, "वाली. सुकारी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मान हलवून पुन:पुन्हा तेच म्हणत होता.

ती पुन्हा काहीतरी बोलली, अगदी थोडं. त्या मुलाने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ती विचारते, मी वाट बघू का?"

खोटी आशा कधी दाखवायची नाही, हे मी हाताखालच्या पोरांना जन्मभर शिकवत आलो. माणूस गेला असेल तर दारात उभं राहूनच सांगा, बसू नका, पाणी मागू नका. ते सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. चार पिंपं, चार फळ्या, चपात्यांचा एक डबा. मी हिशेबी माणूस आहे, उत्तर मला ठाऊक होतं.

"हो म्हणून सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितलं. तिने आभार मानले, असं तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात, तेव्हा मी हद्दीचा कायदा आणि जबाब घेण्याची पद्धत असलं काहीतरी सांगून मोकळा होतो. खरी गोष्ट अशी की एका बाईचं उरलेलं आयुष्य माझ्या एका शब्दावर अडकलं, आणि तो शब्द बरोबर होता की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निवृत्तीनंतर मी समुद्रावर फिरायला जातो. पाण्याकडे बघतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं घरी सांगतो. पण मीही वाटच बघतोय.