कमलाची फ्लॉपी

हिंगणघाटात कुणाच्या घरी माणूस गेलं, की दोन-तीन दिवसांत त्या घरातलं कुणीतरी आमच्या गल्लीत येऊन विचारायचं, "बंडूजीचं दुकान कोणतं?" गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो करावा तर बंडूजीनेच, अशी त्याची ख्याती होती. बहुतेकांच्या घरी धड फोटो नसायचाच. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यात, मागच्या रांगेत उभा असलेला गव्हाच्या दाण्याएवढा चेहरा लोक आणून द्यायचे. बंडूजी तो मोठा करायचा, त्याला दुसऱ्याच कुणाच्या अंगावरचा कोट किंवा पदर चढवायचा, आणि तेरवीला घरातल्या बाया तो पाहून नव्याने रडायच्या. त्या रडल्या म्हणजे काम जमलं, असं तो मानायचा.

मी त्याच्या शेजारी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होतो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. माझ्या तोंडाला लगाम नाही हे गावाला माहीत आहे. बंडूजीला मी वीस वर्षं शिव्या घातल्या आणि वीस वर्षं त्याच्याच घरचा चहा प्यालो.

दुकानाचं नाव कमला फोटो स्टुडिओ. कमला ही त्याची बायको. पाटीवर तिचं नाव लाल अक्षरांत, आणि आत शंभर लोकांचे फोटो, पण तिचा एक नाही. स्वतःच्या लग्नात बंडूजीने कॅमेरा मेहुण्याच्या हातात दिला होता. त्या शहाण्याने अख्खा रोल भिंगावरचं झाकण न काढताच संपवला. मी त्या माणसाला अजूनही नमस्कार करत नाही. पुढे कमलाबाईंनी मनाशी धरून ठेवलं, की आपल्या नशिबात फोटोच नाही. बंडूजीने कॅमेरा उचलला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या किंवा दिवा धरायच्या निमित्ताने त्याच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. मतदार ओळखपत्रावर तेवढा एक फोटो होता. तो इतका काळा, की त्यावरून बाई कोण ते सोडाच, बाई आहे की पुरुष हेही कळत नव्हतं.

दोन हजार साली बंडूजीने नागपूरहून एक जुना डिजिटल कॅमेरा आणला. विमा कंपनीच्या माणसाने वापरून टाकलेला. विटेएवढा जाडजूड, आणि त्याच्या पोटात चक्क फ्लॉपी घालायची. रोल नाही, धुणं नाही. फोटो काढला की तो घरघर करत फ्लॉपीवर उतरायचा आणि पाठीमागच्या छोट्या पडद्यावर दिसायचा. बंडूजीकडे कॉम्प्युटर नव्हता. माझ्या घरी एक जुना, म्हातारा झालेला होता. त्यामुळे कॅमेरा त्याचा आणि कॉम्प्युटर माझा, असा आमचा संसार सुरू झाला.

पुढच्या वर्षी, पोळ्याच्या आसपास, कमलाबाई मागच्या दारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बंडूजी म्हणाला, "अवो, हा बिघडला तर जागीच पुसता येते. रोल वाया जात नाई."

"खरंच पुसता येते?"

"तुह्या समोर पुसतो."

"मंग काढा. पन बिघडला तर ठेवाचा नाई, सांगून ठेवतो."

त्याने चार फोटो काढले. चौथ्यात त्या हसल्या होत्या. छोट्या पडद्यावर स्वतःला पाहायला त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, "मी अशी दिसतो काय जी?" त्या वेळी पंचेचाळिशीच्या होत्या. बंडूजीने त्या फ्लॉपीवर 'कमला' असं लिहिलं आणि माझ्याकडे घेऊन आला. माझ्या कॉम्प्युटरवर फोटो वरून खाली हळूहळू उघडायचा. आधी केस, मग भांग, मग कपाळ, आणि आम्ही दोघं वाट पाहत बसायचो. कॉम्प्युटरमध्ये ठेवून घ्यायला जागा नव्हती. दिवाळीत नागपूरला जाऊन मोठा कागदी फोटो करू, असं ठरलं.

मध्ये दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या हत्याराची पूजा करतो. मी टाइपरायटरला झेंडू वाहतो, लोहार ऐरणीला. बंडूजी देवीच्या कार्यक्रमाला फोटो काढायला गेला होता, म्हणून स्टुडिओची पूजा कमलाबाईंनीच केली. दुपारी मला आपट्याची पानं द्यायला आल्या तेव्हा खुशीत होत्या. म्हणाल्या, "मास्तर भाऊजी, आज समद्याले हळदकुंकू लावलं. काई सुटलं नाई."

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांना ताप भरला. तो डोक्यात गेला. वर्ध्याला नेलं, पण उपयोग झाला नाही.

घरी आणून सगळं आटोपल्यावर बंडूजी दुकानाच्या पायरीवर बसला होता. रडत नव्हता. एकाएकी उठला आणि आत गेला. थोड्या वेळाने मला कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला. नेहमीची घरघर नव्हती. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज होता. मी धावत गेलो.

"मास्तर, पाह्य ना. हे काऊन असं करून राह्यलं?"

मी 'कमला' लिहिलेली फ्लॉपी बाहेर काढली, तिचा पत्रा बाजूला सरकवला. आतल्या काळ्या चकतीवर कुंकवाचं बोट होतं. ओलं लावलेलं, वाळून घट्ट झालेलं. शेजारी हळदीचं. मी बाकीच्या फ्लॉप्या पाहिल्या. सगळ्यांना तसंच. नुसत्या वरच्या डब्याला काय लावायचं, आत जे खरं आहे त्याला लावावं, असा विचार करून त्या बाईने प्रत्येक फ्लॉपीचा पत्रा सरकवून मन लावून पूजा केली होती. कॅमेऱ्याने ते कुंकू फिरवून फिरवून चकतीवर खरवडलं होतं.

बंडूजीने ती फ्लॉपी माझ्या हातातून घेतली. "तिनंच लावलं," एवढंच म्हणाला.

माझ्या कॉम्प्युटरने फ्लॉपी घेतली आणि प्रश्न टाकला, की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? म्हणजे सगळं पुसू का? मी 'नाही' दाबलं. पुन्हा घातली, पुन्हा तोच प्रश्न. बंडूजी ती फ्लॉपी खिशात घालून वर्ध्याला गेला. दोन ठिकाणी तोच प्रश्न आला. तिसऱ्या दुकानात मशीन खराब केली म्हणून त्याला हाकलून दिलं. सुतकातला माणूस, डोकं भादरलेलं, आणि लोकांच्या पाया पडत फिरतोय. मला कळलं तेव्हा मी त्याच्यावर भयंकर ओरडलो. काय करणार, मला रडता येत नाही, ओरडता येतं.

तेरवी परवावर आली. फोटोची चौकट त्याने आणून ठेवली होती, काच लावलेली, आत कोरा पुठ्ठा. शेवटी मी म्हटलं, आता गमवायला काय उरलंय. ब्लेडने फ्लॉपीचा डबा फोडला, चकती साबणाच्या पाण्यात बोटाने हळूहळू धुतली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या डब्यात बसवली. बंडूजी शेजारी उभा राहून बघत होता.

या वेळी कॉम्प्युटरने प्रश्न विचारला नाही. चार नावं दाखवली. पहिले तीन फोटो उघडलेच नाहीत. चौथा उघडायला लागला. केस आले. भांग आला. कपाळ आलं, त्यावर कुंकू आलं. भुवया आल्या. आणि तिथेच, डोळ्यांच्या वर, थांबलं. खाली सगळं राखाडी.

आम्ही वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

"हा बिघडलाच ना, मास्तर?" बंडूजी म्हणाला. "बिघडला तर ठेवाचा नाई म्हने ते."

"चूप राह्य!" मी ओरडलो. "जे आलं ते आलं. तुह्या रोलच्या कॅमेऱ्यानं या पडद्याचाच फोटो काढू. मी घेऊन येतो. तू कशालेच हात लावू नको."

माझ्या घरापासून स्टुडिओ चार घरं टाकून होता. कॅमेरा कपाटात सापडला, त्यात रोल होता. माझं वय विसरून मी पळत आलो. दारातच मला तो आवाज ऐकू आला, पत्र्यावर खिळा ओढल्याचा.

पडद्यावर कपाळ नव्हतं. तो प्रश्न होता, की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?

बंडूजीने फोटो बंद करून पुन्हा उघडला होता. मला शिव्या आठवेनात. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोये पाह्याचे होते जी. फक्त डोये."

त्यानंतर ती फ्लॉपी कधीच उघडली नाही.

तेरवीला मधुकरराव म्हणून त्याचे एक नातेवाईक होते, ते म्हणाले की कमलाची धाकटी बहीण तळेगावला आहे, तोंडावळा तोच, तिचाच फोटो घे आणि जरा वय वाढव, तुला काय अवघड आहे. अवघड नव्हतंच. उभा जन्म त्याने लोकांसाठी हेच केलं होतं. बंडूजीने त्यांना हात जोडले. पाटावर ठेवायला काहीच नव्हतं. हार ताटात तसाच पडून होता. बाया एकमेकींकडे बघत होत्या. रडायचं कशाकडे बघून, हे त्यांनाही कळत नसावं.

मग बंडूजी हार घेऊन उठला. आम्ही सगळे त्याच्यामागून गल्लीत आलो. त्याने दुकानातलं स्टूल बाहेर आणलं, मला ते धरायला सांगितलं, वर चढला आणि दुकानाच्या पाटीवर, जिथे लाल अक्षरांत 'कमला' लिहिलं होतं, तिथे तो हार घातला.