वरचं दूध

बनुबाईच्या हातून आजवर किती बाळंतिणी न्हाऊन निघाल्या, हे तिलाही सांगता येणार नाही. उंब्रजपासून आत, तारळीच्या काठाला तिचं गाव. पूर्वी ती सुईण होती. पुढं बाळंतपणं दवाखान्यात जाऊ लागली, तशी नाळ कापायची बाजू गेली आणि तेलपाण्याची बाजू उरली. आता सत्तरी उलटून गेल्यावर ती बाळंतिणीला न्हाऊ घालते, बाळाला पायांवर घेऊन चोळते, आणि पोर अंगावर पीत नसेल तर त्याला प्यायला लावते. हे शेवटचं काम म्हणजे तिची खरी विद्या, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगतात. त्यांच्या सुना कराडच्या डॉक्टरांचं ऐकतात.

ती मातंग वस्तीतली. वस्तीला आता नगर म्हणतात आणि दारात सिमेंटची कमान आहे. कमानीमुळं गाव कुठं संपतं ते पूर्वीपेक्षा स्पष्ट कळतं.

तिच्या विद्येबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. उमेदीची बरीच वर्षं ती बाळंतिणीचं पहिलं दूध, म्हणजे चीक, पिळून मातीत टाकायला लावायची. तो जड असतो, बाळाला बाधतो, असं तिला सासूनं शिकवलं होतं. त्याच गावात गाय व्याली की चिकाचा खरवस होऊन गल्लीभर वाटला जाई, आणि तो कुणाला बाधल्याचं ऐकिवात नाही. गाईच्या चिकाला वेलदोडा आणि आईच्या चिकाला माती, हा न्याय कुणाला खटकला नाही. पुढं तालुक्याला सुइणींचं शिबिर झालं, तिथल्या नर्सबाईनं खडसावलं, तेव्हा बनुबाईनं ते सोडलं. त्याआधी जी पोरं गेली त्यांच्याविषयी विचारलं तर म्हणते, "तवा पोरं जायाचीच."

मध्यंतरी सांगलीहून संयोगिता नावाची एक अभ्यासक मुलगी तिचं बोलणं टिपायला आली होती. साधी, मनापासून ऐकणारी मुलगी. इंग्रज येण्याआधी आपल्या बायकांकडं बाळाला पाजण्याचं जे शहाणपण होतं ते तिला गोळा करायचं होतं.

"आज्जी, इंग्रजांच्या आधी बाळंतिणीला दूध यावं म्हणून काय द्यायचे?"

"इंग्रजांच्या आदी मी कुटं व्हते, बाई?"

"म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या वेळी."

"घरात असंल ते. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी. हळिवाचं लाडू वाड्यावरच्यांना. आमाला भाकरी मिळाली तर दूध यायाचं."

चिकाचं बनुबाईनं सांगितलं नाही. पाहुणी लांबून आलेली, तिला वाईट वाटलं असतं. त्यामुळं सांगलीच्या त्या नोंदीत आपलं पूर्वीचं शहाणपण बिनडाग आहे.

आता नानासोंचं. नानासो म्हणजे गावातले निवृत्त हवालदार. ऊस, जर्सी गाई, दारात ट्रॅक्टर. ते जन्मले तेव्हा त्यांच्या आईला तापानं घेरलं आणि दूध आटलं. त्यांच्या आजीनं, घरात कुणाला न विचारता, बनुबाईला बोलावणं धाडलं. बनुबाई तेव्हा पोरवयाची होती आणि तिचं पहिलं पोर अंगावर होतं. आजीनं तिला गोठ्यात बसवलं, नातवाला तिच्या मांडीवर दिलं, आणि पोट भरल्यावर गोमूत्र शिंपडून त्याला घरात नेलं. आई उठून बसेपर्यंत हे चाललं. दूध घरात गेलं, बाई गोठ्यात राहिली. बनुबाईला कुणी विचारलं नव्हतं, विचारायची पद्धत नव्हती. तिच्या स्वतःच्या पोराचं अर्धंपोटी कसं निभावलं, तेही कुणी विचारलं नाही.

याची आठवण म्हणून नानासोंच्या घरातून तिला दर दिवाळीला लुगडं जातं. ते कशाबद्दल, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि म्हणूनच कुणी बोलत नाही. नानासो पलटणीत सगळ्या मुलखांच्या, सगळ्या जातींच्या जवानांबरोबर एका लंगरात जेवले, आणि हे ते अभिमानानं सांगतात. पलटण गावात नाही, हेही त्यांना पक्कं माहीत आहे.

या उन्हाळ्यात नानासोंची सून रेश्मा बाळंत झाली. माहेर कोरेगावकडं, पण तिथं आई उरलेली नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. नवरा यशराज फौजेत, सरहद्दीवर. कराडच्या एका खाजगी दवाखान्यात सिझर झालं. आई शुद्धीवर येईतो पोराला बाटलीनं डब्यातलं दूध सुरू झालं आणि घरी जाताना डबा पिशवीत आला. पहिले दिवस बाळाला आईपासून लांब ठेवायचं काम पूर्वी बनुबाई करायची, आता दवाखाना करतो. एवढाच काय तो फरक, आणि बिलाचा.

घरी आल्यावर रेश्मानं पोराला पदराखाली घेतलं तर ते तोंड फिरवून रडू लागलं. बाटलीला ओढावं लागत नाही. तिनं सासूला, भामाबाईंना, सांगितलं, "आई, मला त्याला अंगावरच पाजायचंय. बनुआज्जींना बोलवा." सासूनं न्हाऊ घालायला बोलावलं. पाजण्याचं निघालं तर निघालं.

नानासोंच्या न्हाणीला मागून दार आहे. बनुबाई तिथून आली, तिनं पाणी बघितलं, रेश्माची पाठ चोळली आणि मग हलक्या हातानं दूध उतरवून बघितलं. चार थेंब आले.

"हाय गं, दूध हाय. ओढणारं तोंड न्हाई."

"आणि आलंच नाही तर?"

"पोर ओढंल तसं येतंय. पोरानं ओढलं न्हाई तर जातंय. त्याला काय पेन्शन असतीया व्हय, बसल्या जागी यायाला?"

रेश्मा हसली. टाके ओढले म्हणून लगेच थांबली.

बनुबाईनं सांगितलं, बाटली बंद. वरचं दूध द्यावंच लागलं तर बोंडल्यानं द्या, म्हणजे चोचीच्या वाटीनं, पोराला बाटलीची चटक राहत नाही. भामाबाई म्हणाल्या, "बोंडलं कुटलं आता? चांदीचं व्हतं, मोडीत घातलं आन् याचं पैंजण केलं." पोराच्या पायांत पैंजण होते. तेव्हा चमचा ठरला.

पुढचे काही दिवस सकाळी बनुबाई यायची, न्हाणीतच पोराला उघड्या अंगानं आईच्या छातीवर निजवायची, त्याच्या ओठांवर थेंब पाडायची. पोर जरा चघळायचं, दमायचं, रडायचं. बनुबाई गेली की ते रडणं पडवीत नानासोंच्या कानांवर जायचं. गोळीबार ऐकलेला माणूस, पण हे त्यांना ऐकवत नसे.

"उपाशी मारताय व्हय रं त्याला? द्या की बाटली!"

मग बाटली दिली जाई. त्यामुळं सकाळी बनुबाईनं शिकवलेलं दुपारपर्यंत पोर विसरून जाई आणि रेश्माचं दूध तेवढं मागं हटे. ही वजाबाकी बनुबाईला कळत होती. म्हणून एके दिवशी तिनं तो जुना उपाय काढला.

तिच्या नातसुनेला, मोहिनीला, चार महिन्यांची पोरगी होती. अंगावर जोरात ओढणारी. बनुबाई रेश्माला म्हणाली, "आठ-धा दिस पोरांची अदलाबदल करू. तुजं पोर मोहिनीला लावू. तिचं दूध भळाभळा येतंय, त्याला न दमता पोटभर मिळंल, बाटली इसरंल. तिची पोरगी तुला लावू. ती असं ओढंल, की तुझा पान्हा इचारायला थांबायचा न्हाई. मग ज्याचं त्याला."

रेश्मानं क्षणभर तिच्याकडं बघितलं. "मी तयार आहे," ती म्हणाली. मग दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "पण घरात तुम्हीच सांगा."

बनुबाईनं अंगणात उभं राहून सांगितलं. भामाबाई निवडत असलेले गहू निवडत राहिल्या. नानासो खुर्चीत सरळ झाले.

"मावशी, आता ते दिवस राहिलं न्हाईत," ते म्हणाले. मावशी ते तिला मनापासूनच म्हणतात. "इन्फेक्शन असतंय. डॉक्टर काय म्हणतील?"

"आवं हवालदार, गेल्या साली तुमची जर्शी पान्हवंना, तवा तुमीच दुसरीचं वासरू लावलं व्हतं. लावलं का न्हाई?"

"जनावराची गोष्ट येगळी हाय. त्यांना काय कळतंय?"

"पोराला तरी काय कळतंय?"

"पोराला न्हाई, लोकांना कळतंय," भामाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. नंतर त्यांना वाटलं आपण जास्तच खरं बोललो, म्हणून त्यांनी जोडलं, "इन्फेक्शन म्हंजी साधं असतंय का?"

जात हा शब्द त्या अंगणात कुणी उच्चारला नाही. इन्फेक्शन मात्र पुन्हा पुन्हा येत राहिलं. डब्याचं हे एक बरं असतं. त्यातलं दूध कुणाच्या अंगावरचं, हे विचारावं लागत नाही. नानासोंना स्वतःला त्या बाईच्या दुधानं काय इन्फेक्शन झालं, हे विचारायची सोय नव्हती. बनुबाईनं विचारलं नाही, कारण मग लुगड्याचा विषय निघाला असता.

रेश्मानं यशराजला व्हिडिओ कॉल लावला. तो खिन्न झाला, त्यानं पोराला डोळे भरून बघितलं आणि म्हणाला, "पप्पांना इचार." पप्पा शेजारच्या खोलीत होते आणि त्यांचं सांगून झालं होतं.

बनुबाई घरी परतली तोवर बातमी कमानीतून आत पोचली होती. मोहिनी चुलीपुढं बसली होती.

"आज्जे, माजं दूध वाटत फिरतीस म्हणं."

"वाटतीया कुटं? रेश्मा रडतीया ती. आठ दिसांची गोष्ट."

"मला इचारलंस?"

उंबऱ्यावर बसून बनुबाईनं तपकिरीची डबी काढली आणि न उघडता हातात धरली.

"उद्या त्या पोराला सर्दी झाली तर नाव कुणाचं?" मोहिनी बोलतच राहिली. "हवालदारांचं का डब्याचं? माजं! आन् माजी पोरगी त्यांच्या घरात न्हेणार, कुटनं? मागच्या दारानं? तुला गोठ्यात बसवलं व्हतं. मला गोठा नगं."

"मला तरी कुणी इचारलं व्हतं गं," बनुबाई म्हणाली.

"म्हणूनच सांगतीया."

बनुबाईच्या विद्येत ओढणारं तोंड कसं धरायचं, गाठ कशी मोकळी करायची, शेक किती द्यायचा, हे सगळं होतं. ज्या बाईचं दूध मागायचं तिला आधी विचारायचं, हे कधी कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकली तेव्हा उत्तर नाही असं आलं. इकडं नानासोंचं नाही, तिकडं मोहिनीचं नाही. त्यातलं एक नाही तिला मनोमन पटलं, आणि त्यानं रेश्माला काही फायदा नव्हता.

त्यानंतर जे होतं ते झालं. पोराचं बारसं झालं, शिवतेज नाव ठेवलं. त्याच आठवड्यात नानासोंची गाय व्याली आणि बारशाला खरवसाच्या वड्या झाल्या. आलेल्या बायका म्हणाल्या, असा घट्ट चीक बघायला मिळत नाही. रेश्मा आतल्या खोलीत पोर पदराशी धरून बसली होती. पोर तोंड फिरवत होतं. दूध थोडं येई, वापरलं न जाता साचे, आणि मग गाठी झाल्या. अंगात ताप भरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की पाजत राहिलं तर उलट बरं. नानासो म्हणाले, "बास आता. पोरीला किती तरास द्यायचा?" यात माया होती. अडचण तीच होती.

भामाबाई स्वतः कमानीपर्यंत आल्या. "बनुबाई, दूध घालवायचं तेवढं बघा की. मोगरा बांधत्यात न्हवं? आमच्या परसात लय फुललाय."

बनुबाईच्या सगळ्या उपायांपैकी हा एक असा निघाला, ज्याला त्या घरात कुणाची हरकत नव्हती.

परातभर मोगरा काढून ठेवला होता. बनुबाईनं फुलं मऊ फडक्यात घेतली आणि रेश्माच्या छातीवर बांधली. न्हाणीत लग्नघरासारखा वास सुटला.

"आज्जी, जाईल ना आता?"

"जाईल की. जायाला लय येळ लागत न्हाई. यायाला लागतो."

"लवकर जाऊ दे," रेश्मा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाहीतर नको लवकर."

बनुबाई रोज येऊन फुलं बदलू लागली. दुसऱ्या दिवशी फुलं सुकलेली होती. त्याच्या पुढच्या सकाळी आत पोर रडत होतं. भामाबाई बाटली उकळत होत्या आणि त्यांना उशीर होत होता. रडणं वाढत गेलं. बनुबाईनं फडकं सोडलं. फुलं ओली होती, आणि ती बघत असतानाच दोन्ही बाजूंनी दूध ठिबकू लागलं. पोराच्या आवाजानं पान्हा फुटला होता. इतके दिवस ज्याची वाट बघितली, तोच.

रेश्मानं खाली बघितलं, मग बनुबाईकडं. आत्ता आतल्या खोलीत जायचं, उकळती बाटली बाजूला ठेवायची आणि ते रडतं तोंड आणून लावायचं. काम एवढंच होतं. त्यासाठी न्हाणीचं आतलं दार उघडून घरातून जायला लागलं असतं. बनुबाई आजवर त्या दारानं गेलेली नव्हती.

तिनं दाराकडं बघितलं. तेवढ्यात पलीकडं रडणं थांबलं. बाटली तोंडात गेली असावी.

"आवं, फुलं आणू का अजून?" भामाबाईंनी आतून विचारलं.

"आणा," बनुबाई म्हणाली. आणि ताजी फुलं आल्यावर तिनं ती बांधली, कालच्यापेक्षा जरा घट्ट.